डी नदीवर आठवडाभर सॅमन फिशिंगचं आमंत्रण आलंय, हा 'गिली' म्हणजे नक्की कोण आणि त्याच्याशी वागायचं कसं?

कोथरूड_ते_ॲबर्डीन

नमस्कार मंडळी, बरेच दिवस वाचनमात्र होतो, आज पहिल्यांदा धागा काढतोय, चुकलं तर सांभाळून घ्या.

मी दोन वर्षांपासून ॲबर्डीनला आहे. ऑफिसमधल्या एका सिनियर बाईंच्या घरचे लोक गेली बरीच वर्षं मे महिन्यातला एक ठरलेला आठवडा डी नदीवर मासेमारीसाठी घेतात (बॅंकोरी आणि अबॉइनच्या मधे कुठेतरी). यंदा त्यांचा एक मेंबर गुडघ्याच्या ऑपरेशनमुळे येणार नाहीये तर त्यांनी मला विचारलं येतोस का, आणि मी चहाच्या भरात हो म्हणून बसलो. आता रात्री झोप लागत नाहीये. मासेमारीतला माझा एकूण अनुभव म्हणजे लहानपणी कात्रजला एकदा कणकेची गोळी लावून बसलो होतो, तीही बेडकाने नेली.

शंका अशा आहेत. एक तर त्या सारख्या म्हणतात 'गिली सगळं सांगेल, गिलीला विचार', हा गिली म्हणजे नोकर, गाईड, की मालकाचा माणूस? त्याला नावाने हाक मारायची का? टीप द्यायची असते म्हणे, किती आणि कशी, माझा हात अशा वेळी खिशातच अडकतो. लायसन्स वगैरे काढावं लागतं का? सॅमन आणि सी ट्राउट ओळखायचे कसे, की ओळखले नाही तरी चालतं? आणि आईने व्हिडिओ कॉलवर विचारलंय की केवढा मासा आणणारेस, फ्रीजरमधे जागा करून ठेव, तर तिला काय सांगू?

पोहता येतं पण स्विमिंग टॅंकमधलं. जाणकारांनी प्लीज प्रकाश टाकावा.

बटाटेवडा_नं१

एवढा खटाटोप कशाला, सुपरमार्केटमधे दोन तुकडे पॅक करून मिळतात की, काटेसुद्धा काढलेले. :)

डीकाठचा_म्हातारा

वडासाहेब, तुम्ही म्हणताय तो सगळा पिंजऱ्यात वाढवलेला सॅमन, पश्चिम किनाऱ्यावरच्या आणि बेटांवरच्या फार्मचा. नदीत रॉडने धरलेला सॅमन स्कॉटलंडमधे विकायलाच बंदी आहे, २००२ पासून. तेव्हा या धाग्यातला मासा तुम्हाला कुठल्याच दुकानात मिळायचा नाही.

कोथरूडकर, तुमच्या आईंना सांगा फ्रीजरमधे मटार भरा. डीवर धरलेला सॅमन परत पाण्यात सोडतात, ही पद्धत इथे १९९५ च्या सुमारासच सुरू झाली, कायदे व्हायच्या कितीतरी आधी. आता तर १ एप्रिलच्या आत धरलेला सॅमन ठेवायला सगळ्या देशातच मनाई आहे, आणि त्यानंतरही दरवर्षी प्रत्येक नदीची प्रत ठरते, तिसऱ्या प्रतीच्या नदीवर वर्षभर एकही ठेवता येत नाही. आमच्या बीटवर सी ट्राउटसुद्धा सोडतात. (बीट म्हणजे नदीचा वाटून घेतलेला पट्टा, पोलिसांच्या बीटसारखाच.)

'आमच्या' म्हणालो कारण मी मूळचा सांगलीचा, तेलाच्या कामाला इथे आलो, २०१६ ला तेलाचे भाव पडले तेव्हा नोकरी गेली. बायको म्हणाली घरात बसू नकोस, तर नदीवर जाऊन बसायला लागलो, आणि बसता बसता तिथल्या गिलीचा मदतनीस झालो. गेली काही वर्षं तो सुट्टीवर गेला की बदली गिली म्हणून मी जातो. गुडघे बोलायला लागलेत पण जातो. मागच्या मे महिन्यातला एक पूर्ण आठवडा सांगतो, त्यात तुमच्या निम्म्या शंका सुटतील.

त्याआधी शब्दाचं. गेलिक भाषेत गिल म्हणजे पोरगा, हाताखालचा पोऱ्या, जुन्या काळी सरदारामागे सामान घेऊन जाणारा. आता तसं काही राहिलं नाही. नदीवर गिली म्हणजे थोडा गुरुजी, थोडा माळी, थोडा जीवरक्षक, आणि पाऊस लागला की झोपडीतला यजमान. नावानेच हाक मारा, पहिल्या नावाने, साहेब-बिहेब नको आणि 'एक्सक्यूज मी' तर मुळीच नको. तो सकाळी 'फिट लाइक?' म्हणाला तर तो तब्येत विचारतोय, तुमच्या फिटनेसबद्दल बोलत नाहीये, इथली बोली आहे. 'नॉट बॅड' म्हणायचं आणि पुढे व्हायचं. आणि टे आणि ट्वीड या नद्यांवर होडीतून जास्त चालतं तर तिथे त्याला बोटमन म्हणतात, ट्वीडवर गिली म्हणालात तर कुणी मारणार नाही पण बघतील.

सोमवार. रविवारी स्कॉटलंडमधे सॅमन धरायला कायद्याने बंदी, आणि कायद्यात 'सॅमन' म्हणजे सी ट्राउटही आला. त्यामुळे गिलीचा आठवडा सोमवारी उजाडतो. मी सातला नदीवर. पहिलं काम गेजची पट्टी (पाण्याची उंची दाखवणारी) बघणं, दुसरं थर्मामीटर पाण्यात धरणं. पाणी आठ डिग्री, उतरत चाललेलं, पण रंग काळ्या चहासारखा, वरच्या पीटच्या (कुजलेल्या झाडपाल्याच्या) जमिनीचा तो. डी उगम पावते केर्नगॉर्मच्या पठारावर, जवळपास १२०० मीटर उंचीवर, तिथे मेपर्यंत बर्फ असतं आणि ऊन पडलं की ते वितळून नदीत येतं. जुने गिली सांगतात बर्फाचं पाणी आलं की मासा तोंड उघडत नाही. विज्ञान काय म्हणतं ते सोडा, माझा अनुभव तोच आहे. मग झोपडीतली शेगडी पेटवली, काठावरच्या लाईफबेल्टच्या रिंगा जागेवर आहेत का पाहिलं (दारूच्या नशेत कुणीतरी दरवर्षी एखादी पळवतो), आणि नऊला पाहुणे आले. चौघं. तीन जुने खोड, एक नवीन माणूस, म्हणजे तुम्हीच समजा.

नवीन माणसाला मी पहिला तासभर मासा हा शब्दच काढू दिला नाही. दोन हातांनी धरायची रॉड असते, तेरा ते पंधरा फुटांची, आणि मागे झाडं असल्यामुळे लाईन मागे फेकता येत नाही, ती पाण्यावरच वळवून पुढे टाकायची, याला स्पे कास्ट म्हणतात, शेजारच्या स्पे नदीवरून नाव पडलंय. यात मेख वाऱ्याची. वारा प्रवाहाच्या दिशेने वाहत असेल तर एक पद्धत, उलटा असेल तर दुसरी, आणि ही निवड चुकली की गळ तुमच्याच कानात. विनोद नाही करत, मी पक्कड घेऊन दोनदा कान सोडवलेत, एकदा तर स्वतःचा. म्हणून चष्मा आणि टोपी, ऊन नसलं तरी. सोमवारी कुणालाच काही लागलं नाही.

मंगळवारी त्या नवीन माणसाला मासा लागला! लांब, चंदेरी, पण ओढ काही नाही, ओल्या टॉवेलसारखा आला. तो आनंदाने ओरडतोय, बाकीचे तिघं काठावर गप्प, आणि मला कळत होतं की आता वाईट बातमी मलाच द्यायचीये. तो केल्ट होता. म्हणजे मागच्या हिवाळ्यात अंडी घालून झालेला, समुद्राकडे परत निघालेला थकलेला मासा, डोकं मोठं, पोट खपाटीला, पंख फाटलेले, कल्ल्यांत बारीक किडे. मेच्या सुरुवातीला असा एखादा उशिराचा सापडतो. याची गणती होत नाही. गिलीचं कसब इथे लागतं बघा. मी म्हणालो, रॉड वाकली, रीळ फिरलं, गाठ टिकली, तालीम झाली. माणूस हिरमुसला पण दुपारी परत पाण्यात उतरला. मला तो तेव्हाच आवडला.

बुधवार पावसात गेला. नदी फूटभर चढली, पानं, काटक्या, फेस. चढत्या पाण्यात गळ टाकणं म्हणजे पावसात उदबत्ती लावणं. झोपडीत बसलो, सूप, सॅंडविच, जुन्या गोष्टी. एक पाहुणा वैतागला, एवढे पैसे भरून मी भिंत बघायला आलोय का. असे असतात. त्यांना मी नेहमी टे नदीवरच्या जॉर्जिना बॅलंटाइनची गोष्ट सांगतो, ७ ऑक्टोबर १९२२, संध्याकाळची वेळ, होडीत ती आणि वडील, वडील तिथले गिली. ६४ पौंडांचा सॅमन, म्हणजे २९ किलो, ब्रिटनमधे रॉडने धरलेला सगळ्यात मोठा, शंभर वर्षं उलटली तरी रेकॉर्ड तिचंच. दिवसभर बसून राहिलं की संध्याकाळी काहीतरी होतं असं सुचवायचं असतं. पाहुणा म्हणाला ते ऑक्टोबरमधलं होतं. बरोबर आहे म्हणा त्याचं.

गुरुवारी सकाळी पट्टी चार इंच खाली आणि पाणी परत नितळ. उतरतं, निवळतं पाणी, यासाठीच सगळे जगतात. पाणी साडेनऊ डिग्री, मी सगळ्यांच्या जड बुडत्या लाईन काढून तरंगत्या लावल्या आणि पितळी नळीवर बांधलेल्या जड फ्लायच्या जागी छोट्या फ्लाय दिल्या. (फ्लाय म्हणजे केसापिसांची खोटी माशी, पण यातली एकही माशीसारखी दिसत नाही, नारळी पौर्णिमेच्या सजावटीसारखी दिसते.) ढोबळ हिशोब असा, दहा डिग्रीच्या खाली पाणी थंड, मासा सुस्त, त्याच्या तोंडाशी न्यावं लागतं, वर गेलं की तोच उठून येतो. डोहाच्या वरच्या टोकापासून सुरू करायचं, एक फेक, दोन पावलं खाली, परत फेक. वाटेत थांबायचं नाही कारण मागून दुसरा येतोय. तीर्थाची रांग असते तसंच.

साडेदहाला नवीन माणसाची लाईन थांबली. मी शंभरदा सांगितलं होतं की ओढ लागली तरी हिसका द्यायचा नाही, हातातला लाईनचा सैल पीळ जाऊ द्यायचा, मासा वळला की त्याचा तोच अडकतो. काय केलं असेल त्याने? कात्रजचा हिसका. गेला. पाण्यावर शेपटीएवढा भोवरा उठला आणि मिटला. तो माझ्याकडे बघेना, मी त्याच्याकडे बघेना.

तासाभराने त्याच डोहाच्या खालच्या अंगाला त्यांच्यातल्या सगळ्यात वयस्क बाईंना लागला, आणि त्यांनी काहीच केलं नाही, नुसत्या उभ्या राहिल्या. बारा मिनिटं. स्प्रिंगर म्हणतात त्याला, वसंतात वर येणारा सॅमन. हे मासे समुद्रात दोन-तीन हिवाळे काढून आलेले असतात, इथे नोव्हेंबरात अंडी घालणार, आणि मधले सहा महिने नदीत काहीही खात नाहीत. जाळीत आला तेव्हा अंगावर समुद्री उवा होत्या, त्या गोड्या पाण्यात फार दिवस टिकत नाहीत, म्हणजे हा परवा-तेरवा ॲबर्डीनच्या बंदरातून, तुमच्या ऑफिसच्या खिडकीखालून, आत शिरलेला. पाण्याबाहेर काढला नाही. वजनकाटा लावत नाहीत, जाळीतच लांबी घेतली, ३० इंच, तक्त्याप्रमाणे साधारण ११ पौंड. तोंड प्रवाहाकडे करून धरला, त्याने एकदा कल्ले हलवले, दोनदा, आणि मनगटातून असा गेला की माझी बाही कोपरापर्यंत भिजली. बाई काहीच बोलल्या नाहीत. नंतर झोपडीमागे जाऊन रडल्या असाव्यात, डोळे लाल होते.

शुक्रवार-शनिवारचं नंतर लिहितो, बायको जेवायला हाका मारतेय.

दाभोळखाडी

म्हातारबुवा, किती छान लिहिता हो. वाचताना मला आमच्याकडची वलगण आठवली! जूनचा पहिला जोराचा पाऊस झाला की खाडीतले-नदीतले मासे ओढ्याने वर शेतात चढतात, चढणीचे मासे, रात्री बत्ती घेऊन अख्खी वाडी पागेर टाकायला. आजोबा म्हणायचे गढूळ पाण्याचा वास आला की मासा वेडा होतो. पण आमच्याकडे नेमके पोटात अंडी असतानाच धरतात, आणि अंड्यांचीच चव म्हणून. समुद्रात १ जून ते ३१ जुलै बंदी असते पण ओढ्यावर कोण बघतंय.

एक विचारू का, तुम्ही म्हणता मासा नदीत काही खातच नाही, मग खोट्या माशीला तोंड का लावतो?

डीकाठचा_म्हातारा

ताई, लाख मोलाचा प्रश्न. कुणी म्हणतं राग, कुणी म्हणतं समुद्रातल्या खाण्याची जुनी सवय, कुणी म्हणतं पोराटोरांसारखं, हात नाहीत म्हणून तोंडाने चाचपून बघतो. मला तिसरं पटतं. एक मात्र नक्की, नव्याने आलेला मासा पटकन धरतो आणि महिनाभर एकाच डोहात बसलेला तुमच्या फ्लायकडे ढुंकून बघत नाही. म्हणून तर स्प्रिंगरची एवढी किंमत.

इथे अंडी घालायच्या आधी सीझन बंद करतात, डीवर १५ ऑक्टोबरला. सुरू १ फेब्रुवारीला होतो. स्पे त्याही आधी, ३० सप्टेंबरला बंद.

शुक्रवार. सॅमन नाही. पण संध्याकाळी नवीन माणसाला म्हणालो, जेवून परत ये, साडेआठला. मेमधे इथे सूर्य नऊच्या आसपास मावळतो, त्यानंतरचा अर्धा-पाऊण तास सी ट्राउटचा. आता ओळखायचं कसं ते सांगतो. सी ट्राउट म्हणजे इथलाच साधा ब्राउन ट्राउट, जात एकच, फक्त काही पोरं गाव सोडून समुद्रावर जातात आणि जाड होऊन परत येतात (आपल्यासारखीच). सॅमनची शेपटीजवळ कंबर बारीक, तिथे हाताने धरता येतो, सी ट्राउट धरलात तर साबणासारखा सटकतो. त्याची शेपटी सरळ कापल्यासारखी, सॅमनची खाच असलेली. सी ट्राउटचा जबडा डोळ्याच्या मागेपर्यंत जातो, अंगावर ठिपकेही जास्त. पहिल्यांदाच परत आलेल्या लहान सी ट्राउटला इथे फिनॉक म्हणतात, पाऊण-एक पौंडाचा.

मे लवकरच आहे त्याच्यासाठी, खरी मजा जून-जुलैच्या रात्री. सॅमनला तुम्ही दिसलात तरी तो बसून राहतो, सी ट्राउटला तुमची सावली दिसली की डोह रिकामा. म्हणून टॉर्च नाही, बोलणं नाही, काठावर दाणदाण पाय आपटत चालणं नाही, शक्यतो पाण्यात उतरायचंही नाही. एका हाताची छोटी रॉड, चंदेरी बारीक फ्लाय. त्या माणसाने दोन दिवसांत जे चुकवलं होतं ते अंधारात बरोबर करायला लागला, कारण दिसतच नव्हतं ना, हात ऐकायला लागले. दोन फिनॉक आणि एक अडीच पौंडांचा. तो अडीच पौंडवाला तीनदा हवेत उडाला, आवाज फक्त. मी घड्याळ बघितलं तर अकरा वाजलेले, आणि मला सकाळी सातला परत यायचं होतं.

शनिवारी लोकांचा अर्धा जीव पॅकिंगमधे असतो. वही भरली (प्रत्येक बीटची वही असते, तारीख, डोह, फ्लाय, लांबी, कुणी धरला, सगळं), जाळ्या वाळत टाकल्या, पाकीट मिळालं.

आता तुमची टीप. शेवटच्या दिवशी, पाकिटात, हस्तांदोलन करताना, सगळ्यांसमोर मोजून नाही. ग्रुपचं एकत्र गोळा करतात बऱ्याचदा, तर आधी त्या बाईंना विचारा, त्यात लाज नाही. साधारण दर रॉडमागे (म्हणजे मासे धरणाऱ्या दर माणसामागे) दिवसाला वीस-तीस पौंड ऐकतो मी. मासा मिळाला नाही म्हणून कमी करू नका, मासा गिलीच्या हातात नसतो, तुम्ही बुडला नाहीत हे त्याच्या हातात असतं.

लायसन्स लागत नाही, ते इंग्लंड-वेल्समधे लागतं. इथे हक्क नदीकाठच्या मालकाचा, त्याची लेखी परवानगी हवी, ती तुमच्या बाईंनी घेतलेली असणार.

आणि पोहण्याचं. वेडर्सचा (पाण्यात उतरायच्या छातीपर्यंतच्या रबरी पॅंटचा) पट्टा घट्ट बांधा, फुगणारं जॅकेट देतील ते घाला, काठी सोडू नका. घसरलात तर उभं राहायची धडपड नको, पाठीवर, पाय प्रवाहाच्या दिशेने पुढे, आणि वाहत काठाला लागा. टॅंकमधलं पोहणं तिथे उपयोगाचं नाही.

गळवाला_पुणे

जबरी धागा. एक गंमत सांगतो, कावेरीवर भीमेश्वरी, गॅलिबोर कॅंप होते ना महाशीर माशाचे, तिथल्या गाईडलासुद्धा गिलीच म्हणायचे! इंग्रजांनी सोडलेला शब्द. त्यातले बरेच जण आधी चोरटी मासेमारी करायचे, त्यांनाच कामाला घेतलं आणि मग तेच नदी राखायला लागले. मी २००८ ला गेलो होतो, माझा गिली नाचणीची गोळी लावायचा, लिंबाएवढी, आणि खडकावर बसून डुलक्या काढायचा, पण रीळ वाजायच्या आधी त्याचे डोळे उघडायचे, कसे ते देव जाणे. एकही मासा मिळाला नाही पण तो माणूस अजून आठवतो. नंतर संरक्षित जंगलातली मासेमारी बंद झाली आणि ते कॅंपही तसे राहिले नाहीत. आपल्याकडे लोणावळ्याला वळवणला टाटा पॉवरची महाशीर हॅचरी आहे, कितीतरी वर्षं पिल्लं वाढवून तलावांत-नद्यांत सोडतायत, जमलं तर बघून या.

कोथरूडकर, बिनधास्त जा.

शेंगदाणाचटणी

मला एक कळत नाही, राग मानू नका. सोडायचाच आहे तर पकडायचा कशाला? तोंडात गळ खुपसायचा, बारा मिनिटं जीव घाबरा करायचा, मग 'जा बाळा' म्हणायचं. खाण्यासाठी धरणारा कोळी मला जास्त प्रामाणिक वाटतो. हा श्रीमंतांचा खेळ आहे आणि आपण मराठी माणसं उगाच त्यात भारावून जातोय.

डीकाठचा_म्हातारा

राग नाही. मुद्दा खराच आहे आणि मी त्याचं पूर्ण उत्तर देऊ शकत नाही. सोडलेले काही मासे नंतर मरतात, हे कुठलाही प्रामाणिक गिली मान्य करेल. म्हणून बिनकाट्याचा गळ, म्हणून पाण्याबाहेर न काढणं, म्हणून उन्हाळ्यात पाणी वीस डिग्रीकडे गेलं की आम्ही रॉड ठेवून देतो, पाहुणा कितीही पैसेवाला असो.

श्रीमंतांचा खेळ हेही खरं. पण त्या पैशातूनच नदीवर माणूस ठेवला जातो. गिली नसता तर चोरटं जाळं कुणी बघितलं असतं? हिवाळ्यात पाहुणे नसतात तेव्हा पडलेली झाडं, वाहून गेलेल्या पायवाटा, हेच काम असतं. २०१५ च्या डिसेंबरात फ्रॅंक वादळात डीकाठचं बॅलटर गाव पाण्याखाली गेलं, तेव्हा काही डोह असे बदलले की जुन्या लोकांना आपलीच नदी नव्याने शिकावी लागली. आता वरच्या उघड्या ओढ्यांवर झाडं लावतायत, लाखोंच्या हिशोबात, कारण सावली नसेल तर पिल्लं उन्हाळ्यात भाजून निघतात. तरी मासे कमीच होतायत. २०१० ला सगळ्या स्कॉटलंडमधे मिळून रॉडवर लाखाच्या वर सॅमन लागले होते, २०२३ ला ३३ हजार, १९५२ पासून नोंदी आहेत त्यातला सगळ्यात कमी आकडा. त्याच वर्षाच्या शेवटी ब्रिटनमधला सॅमन धोक्यात आलेल्या जातींच्या यादीत गेला. समुद्रात काय होतंय त्यावर गिलीचा इलाज नाही, पिल्लं शंभर गेली तर परत पाचही येत नाहीत म्हणतात. आणि २०१७ पासून दर एक वर्षाआड पॅसिफिकचे गुलाबी सॅमन वर यायला लागलेत, रशियाने कधीकाळी उत्तरेकडच्या नद्यांत सोडलेल्यांची पिलावळ, तो वेगळाच ताप.

त्या गुरुवारच्या माशाचा जीव घाबरा झाला, हो. माझाही झाला होता.

शेंगदाणाचटणी

हम्म. पटलं नाही पण प्रामाणिक उत्तराबद्दल धन्यवाद. झाडांचं आवडलं.

कोथरूड_ते_ॲबर्डीन

मंडळी अपडेट!! उशीर झाला, सॉरी, ऑफिसमधे कामाचा ढीग साचला होता.

सहा दिवस, शून्य सॅमन. अख्ख्या ग्रुपला मिळून एक, तोही माझ्या समोरच्या काठाला उभ्या असलेल्या माणसाला, म्हणजे आमच्या ग्रुपचा पण नाही. पाणी इतकं कमी आणि काचेसारखं होतं की गिलीने बुधवारीच सांगून टाकलं, पाऊस नाही तर मासे बंदरातच ताटकळत बसणार. तरी तो रोज सातला पट्टी बघायला जायचा. मी विचारलं पाणी तेवढंच आहे हे माहितीये ना, मग कशाला, तर म्हणाला नदीला कळायला नको की आपण बघायचं सोडलं म्हणून. (त्याची बोली मला निम्मीच कळायची, बाकीचं मी मान हलवून निभावलं.)

कानात गळ गेला नाही, टोपीत दोनदा गेला. बटाट्याची भाजी-पोळी नेली होती, गिलीने अर्धी खाल्ली आणि त्यातल्या मोहरीबद्दल विचारत बसला. एकदा घसरलो, पट्टा घट्ट होता म्हणून फक्त उजवीकडचा खिसा भरला, फोन त्याच खिशात होता, असो.

आणि शुक्रवारी रात्री पावणेदहाला, टॉर्च नाही, आवाज नाही, कुठेतरी घुबड ओरडत होतं आणि हाताला अशी टक्क लागली. मी काहीच केलं नाही! दाभोळखाडीताई, त्या आजींसारखा नुसता उभा राहिलो. फिनॉक, पाऊण पौंडाचा. गिलीने वहीत माझं नाव लिहिलं, स्पेलिंग तीनदा विचारून, आणि तरी चुकवलं. आईला फोटो पाठवायला फोन नव्हता, आणि तिला ते खरंही वाटत नाहीये.

टीप पाकिटातून दिली, हस्तांदोलन करताना, हात अडकला नाही.

आता शेवटची शंका, वेडर्स उसने आणलेत ते परत करायचेत, आतून ओले आहेत आणि वास मारतायत, धुवायचे कसे? मशीनमधे टाकू का?

डीकाठचा_म्हातारा

मशीनमधे नको रे बाबा. उलटे कर, गार पाण्याने विसळ, सावलीत उलटे टांग, दोन दिवस तरी. हीटरवर ठेवू नकोस, शिवणी सुटतात. आणि बुटांचे तळवे घासून घे, दुसऱ्या नदीवर नेण्याआधी खडखडीत वाळव, एका नदीची घाण दुसरीत न्यायची नाही.

वहीतलं स्पेलिंग पुढच्या वर्षी दुरुस्त करून घे, माझंही पहिली चार वर्षं चुकीचंच होतं.